चुनीलाल मास्तरांचे द्राक्षासव

चुनीलालच्या नावापुढचे 'मास्तर' गेले, तर लोक तिथे काय लावतील, ही धास्ती सरलाबाईंना काही केल्या सोडत नव्हती. साल एकसष्टचे, दारूबंदी कडक. आणि मुलगा शहाद्याच्या हायस्कुलातली विज्ञानाची मास्तरकी सोडून नंदुरबारच्या घरी मनुका आंबवायला बसलेला.

औषधी द्राक्षासवाचा परवाना भिंतीवर टांगलेला होता, सरकारी शिक्क्यासकट. पण वास काही परवाना दाखवत फिरत नाही. भाजीवाली तापीबाई भर बाजारात विचारायची, "काय मास्तर, शाया सोडीसन दारू काढी ऱ्हायना का?"

चुनीलाल हसायचा. "खोकला व्हयना का ये मावशी, चमचाभर देसू."

हे वेड त्याला गिरधर वैद्यांनी लावले. म्हातारपणी वैद्यांना दिसेनासे झाले, तेव्हा दर रविवारी चुनीलाल त्यांच्या हाताखाली राबला. मनुकांचा काढा, त्यात गूळ, वर आंबण्याला चालना द्यायला तोरणमाळच्या जंगलातली धायटीची लाल फुले. मग रांजणाचे तोंड कापडाने आणि मातीने लिंपायचे, रांजण भुशात ठेवायचा आणि महिनाभर वाट बघायची. वैद्य गेले, आणि चौतिसाव्या वर्षी चुनीलालने राजीनामा लिहिला.

सरलाबाई पुण्याला बी. ए. झालेल्या. मुलाला त्यांनी अडवले नाही. मात्र त्याच्या नकळत हेडमास्तरांना गाठले: राजीनामा पुढे पाठवू नका, जागा राखून ठेवा. शनिवारपर्यंत थांबतो, असे हेडमास्तर म्हणाले होते.

शुक्रवारी दुपारी धुळ्याचे औषधविक्रेते छगनशेठ गाडी घेऊन आले. पहिलेच गिऱ्हाईक. रांजणाला बरोबर तीस दिवस झाले होते. शेठच्या आग्रहाखातर चुनीलालने माती फोडली, झाकण जरासे सरकवले आणि पेटती काडी तोंडाशी धरली. काडी विझली. दुसरी पेटवली, तीही विझली.

"आत वायू आहे अजून, आंबणं संपलेलं नाही. थंडीने उशीर केलाय. आणखी आठवडा तरी लागेल."

"अहो मास्तर, पोथीत महिनाच लिहिलाय ना? बाटलीत भरल्यावर कोण काडी लावून बघतो?"

"मी बघतो."

"मग बसा बघत! मी पुन्हा गाडी घेऊन येईनच असं नाही."

"शेठ, चहा तरी घ्या," सरलाबाई म्हणाल्या. पण शेठ उठलेच.

रिकामी गाडी गल्लीतून वळली. चुनीलाल ओली माती कालवून झाकण पुन्हा लिंपू लागला. फट राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघू लागला. सरलाबाईंना हिलालकाका आठवले. त्यांचा मुलगा दोन गुणांनी नापास होत होता. सख्खे काका ओसरीवर न जेवता बसून राहिले, तरी चुनीलालने ते दोन गुण दिले नव्हते. तेव्हा सगळे घर त्याच्यावर रुसले होते, आणि एकट्या सरलाबाईंनी त्याची बाजू घेतली होती.

"माय, कान लाव इथे."

त्यांनी रांजणाला कान लावला. आत मुरमुऱ्यांवर पाणी पडावे तशी बारीक चुरचुर चालू होती.

"बोलतोय ना अजून?"

"मग बोलू दे त्याला पुरतं," त्या म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

शेजारच्या जिनिंगच्या कचेरीत फोन होता. शहाद्याची लाइन मिळायला तास लागला, तरी त्या बसून राहणार होत्या. हेडमास्तरांना एवढेच सांगायचे होते: आजच पाठवा तो राजीनामा. माझ्या मुलाला इथे काम आहे.