फुकट म्हणायचं नाही

इंगळे बाईंसमोर 'फुकट' हा शब्द काढायची सोय नव्हती. अकोल्यात त्या आमच्या शेजारी राहत. शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. गल्लीतलं कुणी म्हणालं, "कार्डावर आईचं ऑपरेशन फुकटात झालं," की बाई हातातला झाडू तसाच धरून उभ्या राहत. "फुकट काहून म्हनतं? काडीपेटी घेतानी कर भरत नाई का तू? तुह्याच पैशाचं हाये ते. हक्कानं घे, अन् कमी पडलं तं भांड." वर्गात प्रमाण मराठी बोलणाऱ्या बाई भांडताना वऱ्हाडीत उतरत.

आरोग्य योजनेवर त्यांचा मुळात राग नव्हता. उलट, गल्लीतल्या कितीतरी घरांची कार्डं त्यांनीच मागे लागून काढून घेतली होती. राग आला तो भावामुळे.

धाकटा प्रभाकर वरूडला संत्र्यांच्या पॅकिंगवर कामाला होता. त्याला साखरेचा आजार जडला. सरकारी केंद्रात गोळ्या कधी असत, कधी नसत; नसल्या की मजुरी बुडवून पुन्हा जायचं. बाजारातून घ्यायच्या तर कार्ड चालत नाही, कारण ते दवाखान्यात भरती झालेल्यालाच. हंगाम संपला की कामही नाही, गोळ्याही नाहीत. बाईंनी फोनवर विचारलं की तो मानी माणूस म्हणे, "चालू हायेत ना ताई गोळ्या, तू काहून काळजी करतं?"

पायाची जखम काळी पडली तेव्हा आम्ही त्याला अमरावतीला नेलं. गुडघ्याखाली पाय कापावा लागला. कार्ड चाललं, कुणी पैसा मागितला नाही, तरुण डॉक्टरनं मनापासून केलं. बाईंनी त्याला विचारलं, "वेळेवर गोळ्या मिळाल्या असत्या तर?"

"बहुतेक पाय वाचला असता."

"मग त्या योजनेत का नाहीत?"

डॉक्टर खाली बघून म्हणाला, "बाई, हे आम्हीही विचारतो."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर बाई मला म्हणाल्या, "गोळी द्याले योजना नाई, पाय कापाले हाये."

पुढे अमरावतीतच लाभार्थी मेळावा झाला. प्रभाकरला व्यासपीठावर बोलावलं होतं, बाई त्याला धरून चढल्या. निवेदकानं दोन शब्द बोलायला माइक दिला.

"जय भीम. माह्या भावाचा पाय योजनेनं चांगला कापून देला," बाई म्हणाल्या. टाळ्या पडल्या. बाई टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या. "आता हे सांगा, पाय सडेपर्यंत योजना कोठी होती? मानूस भरती झाल्याबिगर तुमाले दिसतच नाई का?" प्रभाकर मान खाली घालून कुबडीवर रेललेला. निवेदकानं हसत हसत माइक काढून घेतला.

खाली उतरल्यावर एक पुढारी जवळ आला. बाईंचाच जुना विद्यार्थी. पाया पडला आणि हळूच म्हणाला, "बाई, तुमचं खरं आहे. पण गोळीचा कार्यक्रम करता येत नाही हो."

"तुले नागरिकशास्त्रात पास कोनं केलं रे?" बाई म्हणाल्या. "मीच का?"

त्यानंतर बाईंनी एकच मागणी धरली: घरी घ्यायची औषधं आणि तपासण्या योजनेत घाला. ज्या सभेत आरोग्याचा विषय निघे तिथे त्या उभ्या राहत. "वर कळवलं आहे," असं उत्तर मिळे. लोक त्यांना बघून घड्याळाकडे बघू लागले. दरम्यान प्रभाकरची मूत्रपिंडं गेली. डायलिसिसलाही कार्ड चाललं. वरूडहून अमरावतीच्या खेपा करून करून तो उन्हाळ्यात वारला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही सगळे बसलेलो असताना बाईंचा फोन वाजला. योजनेच्या कार्यालयातली मुलगी होती. उपचार नीट मिळाले का, कुणी पैसे मागितले का, तिनं विचारलं. बाईंनी शांतपणे सांगितलं, मिळाले, मागितले नाहीत.

"आता पेशंटची तब्येत कशी आहे?"

"वारला तो."

मुलगी अडखळत म्हणाली, "सॉरी मॅडम. सेवेबद्दल समाधानी लिहू, की असमाधानी?"

"तिसरं काही लिहिता येतं का, बाळ?"

"नाही, मॅडम."

"मग समाधानी लिही."

प्रभाकरची बायको चमकून बघू लागली. बाईंनी फोन खाली ठेवला. "दवाखान्यानं काही कमी केलं नाई," त्या म्हणाल्या, "अन् ज्याईनं कमी केलं, त्याईच्याबद्दल त्या पोरीले विचाराची परवानगीच नाई."