टोरोंटो ते आमची वाडी

पंधरा तास. हा आकडा वाडीत मी सांगितला, आणि तो चुकीचा होता.

आज यांना जाऊन वर्ष झालं. सकाळी श्राद्ध झालं, पानं उठली, आता लिहायला बसले.

हे सकाळी सहाला गेले. चहा मागितला, पण कप हातात घेतलाच नाही.

आमचा एकुलता एक संदेश टोरोंटोला. त्याला कळवलं. मग जो येईल तो एकच विचारी, "किती वेळ लागेल त्याला?"

मी मोबाईलवर बघितलं.
टोरोंटो ते मुंबई, साडेबारा हजार किलोमीटर.
विमानाचा वेळ, पंधरा तास.

मी सांगून टाकलं, "उद्या उजाडेपर्यंत येईल."

विमानातून उतरला की दारात, असंच धरलं. मी मॅट्रिक, विमानात कधी बसले नाही.

पुतण्या विनयने जेटीवरून बर्फाच्या लाद्या आणल्या. मासळीचा बर्फ, पण वेळेला मिळाला.

आमच्याकडे मयत घरातून हलेपर्यंत वाडीत कुणाची चूल पेटत नाही. चहासुद्धा नाही.

दुपारी एकला संदेशचा फोन.

"आई, पंधरा तास डायरेक्ट गेलं तर. तिकीट मिळालंय ते मध्ये थांबून. मग मुंबई, मग पुढे गाडीने आठ-नऊ तास. परवा दुपार होईल."

परवा दुपार.

"थांबशील ना? मला बाबांचं तोंड बघायचंय."

मी म्हटलं, "बघते."

ओसरीवर तात्या बसले होते. यांचे चुलत भाऊ, ऐंशीच्या पुढचे. शुगरची गोळी चालू, सकाळपासून नुसतं पाणी.

"तात्या, परवा दुपार म्हणतोय. दोन बिस्किटं तरी खा."

"भाऊ माझा असा निजलाय नि मी बिस्किटं खाऊ? येड लागलं काय गो तुला? पोर येऊंदे. थांबूया."

बोलताना त्यांना पाण्याचा तांब्या धरवेना.
पलीकडच्या घरी बाळंतीण. तिच्यासाठी पेज करायलाही सासू तयार नव्हती.

मी देवासमोर जाऊन उभी राहिले. दिवा तेवत होता, बाकी काही नाही.
बाहेर येऊन विनयला म्हटलं, "तयारी कर. अग्नी तू दे."

चार वाजता नेलं.

संदेशला फोन करायचा मला धीर झाला नाही. तात्यांनी केला.

"मीच घाई केली रे बाळा. आईला बोलू नको."

मी शेजारीच उभी होते. गप्प राहिले.

संदेश पोचला तो अस्थी सावडायच्या दिवशी. तेरावं करून परत गेला. तात्यांशी एक शब्द बोलला नाही. वर्षभर फोनवर गाईवासरांची चौकशी करतो, त्यांचं नाव घेत नाही.

तात्या दर रविवारी विचारतात, "आला काय गो फोन?"
मी हो म्हणते.
"माझं काय विचारलंन?"
त्यालाही हो म्हणते.

रोज देवापुढे हात जोडायचे आणि हे खोटं चालू ठेवायचं, आता पुरे.

संदेश, न थांबायचं ठरवलं ते मी. तात्या थांबायला तयार होते, उपाशी. काय बोलायचं ते मला बोल. त्यांना एक फोन कर. ऐकू कमी येतं, मोठ्याने बोल.

आणि अहो, मुलाची वाट न बघता तुम्हाला नेलं. रागावला असाल तर माझ्यावर रागवा.

शांत असा. नमस्कार करते.