खरं सांगून नाव न सांगणाऱ्या आमच्या सूनबाई

डॉ. उषाताईंची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा त्या तिथं नव्हत्याच. मी त्यांच्या पाठीमागं त्यांची चौकशी करायला दौलताबादला गेले होते.

आमच्याकडं पद्धत आहे. स्थळ सांगून आलं की मुलगी बघण्याआधी गुपचूप त्या गावात जायचं आणि कुणातरी तिसऱ्याच माणसाला विचारायचं, घर कसंय, पोरगी कशीय. आईबाप चांगलंच सांगणार, मध्यस्थ त्याहून चांगलं सांगणार. खरं काय ते तिसराच सांगतो. मी पेरू घ्यायचं निमित्त करून किल्ल्याखालच्या रस्त्यावर एका बाईच्या पाटीपाशी बसले. पेरू दाबून बघता बघता विषय काढला. ती म्हणाली, "पोरगी हुशार. किडं-मुंग्या बघत रानोमाळ हिंडती. सैपाक बेताचा. पर एक सांगू का, तिला खोटं बोलता येत नाय. त्येच्यामुळं लोकांशी तिचं लई जमत नाय." मग पाटीवरचं फडकं सारखं करत म्हणाली, "माझं नाव कुठं निघू देऊ नका, बाई."

तिचं नाव मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सूनबाईंनीही कधी विचारलं नाही. या पुस्तकातही ते सापडणार नाही.

स्वयंपाकाचं तिनं सांगितलं ते खरं निघालं. खोट्याचंही.

आता हा ग्रंथ काढणारे त्यांचे विद्यार्थी आमच्या मुकुंदवाडीच्या घरी आले आणि म्हणाले, "आजी, मॅडमना साठ वर्षं होताहेत. तुम्हीही लिहा." मी म्हटलं, माझी शाळा चौथीत सुटली, मला त्यांच्या विद्येतलं काय कळणार? त्यातली एक मुलगी धीट होती. म्हणाली, "विद्येवर आम्ही लिहितोच आहोत. तुम्ही माणसावर लिहा. फक्त अगंतुगं नको, गौरवग्रंथ आहे." म्हणून लग्न होऊन आल्यापासून जिला 'उषा' अशी हाक मारली, तिला या लेखापुरतं अहोजाहो करते आहे. वाचणाऱ्यांनी हसू नये.

ग्रंथात काय काय येणार तेही मुलांनी वाचून दाखवलं. पुस्तकं आली, बक्षिसं आली, कुठल्या कुठल्या समित्या आल्या. जे काम मी आमच्या जेवणाच्या टेबलावर इतकी वर्षं बघत आले, ते मात्र कुठंच नव्हतं. मुलांचा दोष नाही. त्या कामाला नावच लावत नाहीत, तर त्यांना सापडणार कुठून? म्हणून ते मी लिहिते.

काम असं. कुणी काही नवीन शोधलं की ते लिहून मासिकाकडं पाठवतात. त्याला शोधनिबंध म्हणतात. आम्ही शाळेत गाईवर लिहायचो तो निबंध वेगळा. मासिकवाले तो लगेच छापत नाहीत. त्याच विषयातल्या दोघातिघा जाणत्यांकडं धाडतात आणि विचारतात, हे पटतंय का, कुठं काय कमी आहे, छापावं का. जाणत्यानं तो बारकाईनं वाचायचा, चुका काढायच्या, सुधारणा सुचवायच्या. मोबदला काही नाही. लिहिणाऱ्याला त्याचं नावही कळत नाही. सूनबाईंचा विषय पिकावरच्या किडींचा, त्यामुळं देशोदेशीच्या किडी आमच्या घरी तपासायला येत.

हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आम्ही तुरीच्या शेंगा सोलत होतो. मी म्हटलं, "मग ही चौकशीच की. लग्न जमतं ते मांडवात मिरवतात, खरं सांगणारीला पत्रिकासुद्धा जात नाही."

"तसंच," त्या म्हणाल्या. "पण आम्हाला कारणं लिहून द्यावी लागतात, आत्याबाई. नुसतं 'घर बरं नाही' म्हणून चालत नाही."

त्यांचं हे तपासणं रविवारी दुपारी चाले. कॉलेजात शिकवून, घरचं उरकून जी काय दुपार उरेल ती. माझा मुलगा चिडवायचा, "सुट्टीच्या दिवशी लोकांची धुणी धुतेस." त्या मान वर न करता म्हणायच्या, "माझी पण कुणीतरी धुतंच की." त्यांचे निबंधही असेच कुणाच्या तरी रविवारातून पार पडले, हे त्या विसरल्या नाहीत.

शेरा लिहून झाला की त्यातलं एखादं वाक्य मराठीत करून मला ऐकवत. निबंध कुणाचा, कुठला, हे कधीही नाही. फक्त वाक्य.

"आत्याबाई, ऐका. 'लेखकानं प्रयोग करण्याआधी विचार केलेला दिसत नाही.' कसं वाटतं?"

"झकास. मी असंच म्हटलं असतं."

"मग बदलते," म्हणायच्या, आणि खोडायच्या.

माझ्या जिभेचा विज्ञानाला झालेला हा एवढाच उपयोग.

एका दिवाळीत कुठल्यातरी लांबच्या देशातला निबंध आला होता. इंग्रजी इतकं मोडकं की यांनाही एकेक ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागत होती. शंकरपाळे मी एकटी तळत होते, त्यामुळं माझं डोकं तापलेलं. म्हटलं, "दे परत धाडून. म्हणावं, आधी लिहायला शिका." त्या म्हणाल्या, "भाषा मोडकी आहे, आत्याबाई. काम मोडकं नाही. या माणसानं उन्हातान्हात बसून खरंच किडे मोजलेत." सगळी सुट्टी त्यांनी त्या निबंधावर घालवली, कुठं काय लिहावं, कुठलं चित्र आधी घ्यावं, सगळं सांगितलं. पुढं बऱ्याच दिवसांनी तो छापून आला. मला संगणकावर एका भुंग्याचा फोटो दाखवला.

"हाच का तो?"

"हाच."

"तुझं नाव कुठंय?"

"नसतं," म्हणाल्या आणि कढी ढवळायला गेल्या. कढी तोवर फुटली होती.

आता संतोषची गोष्ट. संतोष माझ्या धाकट्या बहिणीचा, कौसाचा मुलगा. सिल्लोडकडं त्यांची शेती, मका आणि कापूस. पोरगा शिकला, पण कॉलेजात तासांवर शिकवत होता, कायम नव्हता. मक्यावर ती लष्करी अळी नव्यानं आली तेव्हाची ही गोष्ट. त्यानं सीताफळाच्या पाल्याचा काढा करून आपल्या रानात फवारला, अळी कमी झाली, आणि त्यावर निबंध लिहिला. एका कॉलेजात कायमची जागा निघाली होती. मुलाखतीआधी निबंध चांगल्या मासिकात गेला तर जागा त्याची, अशी त्याला आशा होती. कौसानं तर घरात सून आणायच्या गोष्टी सुरू केल्या होत्या.

निबंध धाडताना मासिकवाले विचारतात, हा कुणी तपासावा, तुमच्या विषयातले जाणते सुचवा. संतोषनं बेधडक आपल्या वहिनीचं नाव लिहिलं. आपल्याकडं दुसरं काय होणार? तलाठ्याकडं काम असलं तरी आपण आधी ओळखीचा शोधतो. कौसाचा मला फोन, "अक्का, घरचंच मानूस हाय. आता फिकीर नाय."

आणि खरोखर तो निबंध फिरत फिरत आमच्या टेबलावर आला. सूनबाईंनी नाव बघितलं, उघडलासुद्धा नाही. 'लेखक माझ्या नात्यातला आहे, मी तपासू शकत नाही' असं कळवून टाकलं. मग संतोषला फोन केला आणि त्याच्या तोंडावर सांगितलं, "माझं नाव दिलंस ते चुकलं. मी नाही बघणार."

मी घरात होते. मी म्हटलं, "दोन शब्द बरे लिहिले असतेस तर तुझं काय गेलं असतं? पोराच्या पोटाचा प्रश्न आहे."

त्या म्हणाल्या, "आत्याबाई, उद्या कौसामावशींच्या घराची चौकशी करायला कुणी तुमच्याकडं आलं, तर काय सांगाल?"

"सांगेन, माझी बहीण आहे, दुसऱ्या कुणाला विचारा."

बोलून झाल्यावर कळलं की मी माझाच दोर कापला होता. मग भांडी घासायला घेतली.

कौसाचा फोन आलाच. "परक्यानं केलं असतं तर सोसलं असतं, अक्का. तुमच्या सुनेला आमची लाज वाटती व्हय?" फोन ठेवला तो ठेवलाच. माझी पाठची बहीण, आईमागं मी वाढवलेली, माझ्याशी बोलायची बंद झाली.

निबंध परक्याकडं गेला आणि परत आला. परक्यानं दोनच ओळी लिहिल्या होत्या, त्याही अशा की माझ्यासारखीच कुणी म्हातारी तिकडं बसली असावी. मुलाखत झाली. ती जागा गेली. सूनबाईंचा गौरव करायचा म्हणून मी ते झाकून ठेवणार नाही.

संतोष एका दुपारी आमच्याकडं आला. ओट्यावर बसला, चहा घेईना. म्हणाला, "वहिनी, मी आता हे सोडतो. मका तरी बघतो."

सूनबाई त्याच्या शेजारी ओट्यावरच बसल्या. "दे इकडं. आता मी परीक्षक नाही, वहिनी आहे."

वाचून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "फवारलं नसतंस तर अळ्या किती राहिल्या असत्या?"

संतोषनं तर सगळंच रान फवारलं होतं. न फवारलेलं काही ठेवलंच नव्हतं, तर ताडून बघणार कशाशी? त्याच सुमाराला पाऊसही जोराचा झाला होता.

म्हणून पुढच्या हंगामात मक्याच्या मधल्या काही ओळी फवारायच्या नाहीत असं ठरलं. कौसाच्या मालकांनी आकाशपाताळ एक केलं. "उभ्या पिकात अळी पाळायची? ही कुठली विद्या? लोक पीक वाचवाया शिकत्यात, आमचं पोरगं खाऊ घालाया शिकलं!" सूनबाई स्वतः सिल्लोडला गेल्या. पदर खोचून चिखलातून ओळीत उतरल्या, मक्याचा पोंगा, मधली कोवळ्या पानांची गुंडाळी, उकलून त्यांना आतली अळी दाखवली. म्हणाल्या, "मामा, एवढ्या चार ओळी खाऊ द्या. नाहीतर बाकीचं रान काढ्यानं वाचलं का पावसानं, हे तुम्हाला आणि मला जन्मात कळायचं नाही." म्हातारा डोकं खाजवत बांधावर बसून राहिला. नाही म्हणाला नाही. कौसा घराबाहेर आली नाही, पण भाकरी आणि ठेचा बांधावर आला. आमची माणसं रागावली तरी उपाशी ठेवत नाहीत.

सूनबाई अधूनमधून रविवारी सिल्लोडला जात राहिल्या. शेवटी निघालं असं, की काढा उपयोगी आहे, पण अळी बारकी असताना. ती पोंग्यात शिरल्यावर काही नाही. आणि आधीच्या साली अळी कमी झाली त्यातलं पुष्कळसं पावसाचं होतं.

संतोषचं तोंड उतरलं. "वहिनी, हे तर अर्धंच निघालं."

"अर्धं असू दे," त्या म्हणाल्या. "हे अर्धं तुझं आहे. मागच्या अख्ख्यात पाऊसच जास्त होता."

तो अर्धा निबंध छापून आला. तोही कुणी परक्यानंच तपासला. त्या माणसाचं नाव आम्हाला ठाऊक नाही, त्याचंही भलं होवो. संतोषला पुढं दुसरीकडं कायमची जागा मिळाली. कौसा मात्र गप्पच राहिली. लग्नकार्यात समोर आली तरी मला वळसा घालून जायची. मी पण काही कमी नाही. मीही वळसा घालत होते.

गेल्या साली कौसा अचानक दारात उभी. सोबत कुणी नाही. माझ्याकडं बघितलं, "बरी हायस ना, अक्का?" एवढं म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात सूनबाईंकडं गेली. तिच्या नातीला, थोरल्या लेकीच्या मुलीला, स्थळ आलं होतं, आणि मुलाचा बाप सूनबाईंच्याच कॉलेजात होता.

कौसा म्हणाली, "सगळ्यांनी चांगलंच सांगितलंय. म्हणूनच भ्या वाटतंय. तू सांग. तुला खोटं बोलता येत नाय."

सूनबाईंनी गॅस बंद केला आणि तिच्यासमोर बसून जे होतं ते सांगितलं. चांगलं होतं ते आधी, नव्हतं ते नंतर, कारणासकट. काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. स्थळाचं पुढं काय झालं तेही नाही. कौसानं सगळं ऐकून घेतलं. चहा बशीत ओतून सावकाश प्यायली. उठताना सूनबाईंच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "तुझं नाव कुठं निघणार नाय, पोरी."

मग माझ्याजवळ येऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगत बसली. मीही सांगितली.

या ग्रंथात लिहिणारे पुष्कळ मोठे लोक आहेत. तुमच्यातल्या कुणाकुणाचे निबंध आमच्या टेबलावरून गेले असतील. एखाद्या शेऱ्यानं तुमचं डोकं फिरलं असेल, आणि त्याच शेऱ्यानं तुमचा निबंध उभा राहिला असेल. तो शेरा यांचा होता का, ते मला विचारू नका, मला ठाऊक नाही. पण एवढं सांगते, तो शेरा यांचा असेल तर आधी तो याहून तिखट होता.

हा लेख छापायला देण्याआधी मी सूनबाईंना म्हटलं, "एवढं तपासून दे, शुद्धलेखन तरी बघ." त्यांनी वरचं नाव वाचलं आणि कागद परत दिला. "माझ्यावरचाच लेख, आणि तुम्ही नात्यातल्या. मी कशी तपासू, आत्याबाई?" तेव्हा चुका आहेत तशा आहेत.

सूनबाई, साठ पूर्ण झाली. शंभर वर्षं जगा असं मी म्हणणार नाही. माझी ऐंशी उलटली आहे, पुढं गुडघे काय करतात ते मला ठाऊक आहे. पण जेवढं जगाल तेवढं निरोगी जगा, डोळे शाबूत राहोत, पाठ ताठ राहो, रविवारची दुपार तुमची तुम्हाला मिळो. वाक्य किती तिखट झालं ते मोजायला मी आहे तोवर मी आहेच. पुढं माझ्या या खुर्चीवर तुम्ही बसा आणि तुमच्या विद्यार्थ्यांचे शेरे ऐका.