मामांच्या भिंतीवरचं गाव

एक डीपी जळाली तर कुणाच्या घरच्या लग्नात रुसवाफुगवी होईल, हे आधी सांगू शकणारा माणूस साऱ्या बीड जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. वीज उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून जन्म काढून ते तलवाड्याकडच्या आमच्या गावी परतले आणि आल्या आल्या बैठकीच्या भिंतीत खिळे ठोकायला लागले. डीपी म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, त्याचा एक खिळा. पाण्याची टाकी, गिरणी, मोबाईलचा टॉवर, दवाखान्यातला लसींचा फ्रिज, सगळ्यांचे एकेक. ज्याच्यावाचून अडतं त्याच्या खिळ्यातून निघून, ज्याचं अडतं त्याच्या खिळ्याकडे लाल दोरा. एक खिळा उपटायचा आणि कुठले कुठले दोरे ढिले पडतात ते बघत बसायचं, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. "घर हाय का कोळ्याचं जाळं?" आत्या विचारायची. मामा तिला तिचाच खिळा दाखवायचे. सगळ्यात जास्त दोरे त्यातूनच निघाले होते, त्यामुळे तिला पुढे फार बोलता यायचं नाही.

अशा माणसाला लग्नाला नेणं धोक्याचं. एका मांडवात जनरेटरचा आवाज जरासा बदलला तसे मामा हातातला घास ठेवून म्हणाले, "नवरदेवाचा मामा रुसणार." जनरेटर बंद पडला, बोअरची मोटार थांबली, ताटं धुवायला पाणी उरलं नाही, दुसरी पंगत लांबली आणि तिच्यासाठी ताटकळलेले नवरदेवाचे मामा खरोखरच जीप काढून निघाले. आमचे मामा मात्र पहिल्या पंगतीत शांतपणे जिलेबी खात होते.

माझं आणि त्यांचं जमायचं नाही. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. मला प्रत्येक अंधाराला एक गुन्हेगार लागतो. त्या उन्हाळ्यात डीपी दोनदा जळाली, टाकी कोरडी पडली, बायका घागरी घेऊन मळ्यामळ्यांतून फिरल्या. मी पेटून वीज कंपनीविरुद्ध पत्रक लिहिलं: 'जबाब द्या!' मामांनी ते चष्म्यावरून वाचलं.

"झ्याक लिवलंय. डीपी लहान दिली हा त्यांचाच गुन्हा. पण ऑटोचं काय?"

आमच्याकडे शेतातल्या प्रत्येक मोटारीला ऑटो बसवलेला असतो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू, शेतात जायला नको. म्हणजे लाईट आली रे आली की साऱ्या शिवारातल्या मोटारी एकाच क्षणी डीपीवर तुटून पडतात.

"लाईट गेल्यानं डीपी जळत न्हाई बे," मामा म्हणाले, "आल्यानं जळती. अन् आता तिसऱ्यांदा जळाली तर पाऊस पडंस्तोवर टाकीत थेंब न्हाई."

त्यांनी गाव गोळा केलं. ऑटो काढा, लाईट आली की नंबराप्रमाणे एकेक मोटार सुरू करा. "आमी काढला अन् शेजाऱ्यानं न्हाई काढला, तर?" एकजण म्हणाला आणि सगळे एकमेकांकडे संशयानं बघायला लागले. जळक्या मोटारी दुरुस्त करून देणारा रहीमभाई तेवढा उठला. "मोटारी जळल्या तर माझाच धंदा होतो, मामा. पण पाणी मलाबी लागतंय ना! काढा ऑटो." मग भांडण लागलं ते शेवटच्या नंबरावरून. त्याची पाळी येईपर्यंत लाईट परत जाणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बराच आरडाओरडा झाल्यावर मामा म्हणाले, "शेवटचा नंबर माझा." बैठक पाच मिनिटांत संपली.

डीपी उन्हाळाभर टिकली. टाकी भरत राहिली. मामांची मोसंबीची बाग मात्र पाण्यावाचून पिवळी पडली. मी भडकलो. "हा सरळसरळ अन्याय आहे, मामा!"

"ह्ये अडणं कुठंतरी थांबावंच लागतं की. माझ्या खिळ्यापुढं दोरा न्हाई, म्हणून माझ्यापाशी थांबलं."

मी भिंतीकडे पाहिलं. त्यांच्या खिळ्याकडे दोन दोरे येत होते, एक डीपीचा, एक आत्याचा. पुढे जाणारा एकही नव्हता. पोरं पुण्यात, आपापल्या संसारात. मामा गुरांना पाणी दाखवायला गेले तेव्हा मी हातोडी शोधली, कोपऱ्यात एक नवा खिळा ठोकला आणि मामांच्या खिळ्यापासून तिथवर दोरा बांधला.

पुढच्या खेपेला गेलो तर ते त्याच्यासमोरच उभे.

"ह्यो कुणाचा खिळा बे?"

मी माझ्याच छातीवर बोट ठेवलं. त्यांनी बोटानं दोरा दाबून पाहिला.

"लई ढिला बांधलाय," असं म्हणून त्यांनी गाठ सोडली, दोरा ताणला आणि पुन्हा घट्ट बांधला.