टेकडीवरचा पत्ता

मित्राच्या नोकरीच्या अर्जावर मी त्याचा खरा पत्ता लिहिला.

घाटकोपरच्या टेकडीवर राहणारं कुणी असलं काही करत नसे. वरच्या झोपड्यांतली माणसं अर्जावर खालच्या बिल्डिंगमधल्या कुणा ओळखीच्याचा पत्ता देत. आधी 'द्वारा' लिहिलं की झालं. वस्तीचं नाव दिसलं की कारखानेवाले अर्ज बाजूला सारतात, हे वरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी खालच्या बिल्डिंगमधला, शिवाय बी.ए. झालेला, त्यामुळे मला ठाऊक नव्हतं.

मित्राच्या वडिलांची गिरणी संपात बंद पडली ती उघडलीच नाही. तो वेल्डिंग शिकलेला, हात एकदम झकास. मुलुंडच्या एका कारखान्यात जागा निघाली तेव्हा इंग्रजी अर्ज भरून घ्यायला माझ्याकडे आला.

"तुझा पत्ता टाक ना यार."

"सुरुवातच खोट्याने कशाला?" असं म्हणून मी प्रामाणिकपणावर चांगली पाच मिनिटं बोललो. त्याने जांभई दिली. "बरं बाबा, लिही काय लिहायचं ते."

अर्ज हातात घेऊनच मुलाखतीला जायचं होतं. मीही सोबत गेलो, बाहेर बाकावर बसलो. दार उघडंच होतं. साहेबाने अर्ज पाहिला आणि विचारलं, "टेकडीवरचा का?" वेल्डिंगचं एक अक्षर नाही. दोन मिनिटांत मित्र बाहेर आला.

पुढे त्याने अर्ज भरलेच नाहीत. हातभट्टीवाल्याला अर्ज लागत नव्हता. त्याला तर वरचाच माणूस हवा होता, गल्ल्या पाठ असलेला. मित्र दारूने भरलेल्या टायरच्या ट्यूबा खांद्यावर टाकून टेकडीखाली उतरवू लागला. एका धाडीत हवालदाराचं डोकं फुटलं आणि हा आत गेला. मी तोवर बँकेत चिकटलो होतो.

ते उघडं दार मला अजून दिसतं. तो त्यातून बाहेर येत असतो, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि मला वाईट वाटू नये म्हणून हसत असतो. दर वेळी मी बाकावरून उठायला जातो, आणि उठता येत नाही.

सुटून आल्यावर तो स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटला. मी कसंबसं म्हटलं, "मला फक्त खोटं लिहायचं नव्हतं रे."

त्याने ग्लास खाली ठेवला.

"खोटं-बिटं सोड. तुझ्या घरी माझ्या नावाचं पत्र यायला नको होतं तुला."