पन्नीची मारबत

मारबत बांधणाऱ्या बाईला दोन गोष्टी आल्या पाहिजेत, असं सोनघाटात म्हणत: कामट्या वाकवता आणि तोंड वाजवता. धुरपता दोन्हींत सासूच्या पुढे गेली होती. सासूनेच हे चारचौघींत कबूल केलं होतं. पण जास्त पुढे कशात, हे विचारल्यावर म्हातारी नुसती हसली होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडताना, गावाची सगळी इडापिडा एका बाहुलीच्या अंगावर घालायची आणि तिला गावाबाहेर काढायचं, ही इकडची रीत. दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या घेऊन माणसं निघतात. पुढे मारबत, मागे अख्खं गाव, आणि एकच गलका, "खासी-खोकला, ढेकूण-मच्छर घेऊन जा गे मारबत!" सोनघाट वर्धा नदीच्या काठावर, म्हणून तिथली मारबत नदीत सोडायची. पळसाचा पाला, तणस आणि जुनेर यांचीच ती. दोन वळणं जाईतो पाण्यात विरून जायची.

धुरपता समुद्रपूरकडची. एकसष्ट साली लग्न होऊन ती इथे आली, नवऱ्याच्या, पुंडलिकरावांच्या, काठावरच्या भाजीच्या वाडीत राबू लागली, आणि तिसऱ्या वर्षी सासूने मारबतीच्या कामट्या तिच्या हातात दिल्या. तोवर मारबत म्हणजे दोन डोळे आणि एक जीभ. धुरपताने तिला दरसाल वेगळं रूप द्यायला सुरुवात केली. रॉकेलच्या रांगा लागल्या त्या साली मारबतीच्या हातात डबा आला आणि रांगेत उभं राहून राहून तिचे पाय गुडघ्यापर्यंत झिजले. गावातल्या नवरदेवांनी हुंड्यात रेडिओ मागायचा सपाटा लावला त्या साली मारबतीच्या पोटातच रेडिओ बसला, आणि तीन नवरदेव मिरवणुकीला आले नाहीत. यंदा मारबत कोणासारखी, हे पोळ्याच्या आधी पंधरा दिवस लोक एकमेकांना विचारत. काहीजण जपून वागत.

एकुलती लेक जयवंता त्र्याऐंशी साली धामणखेडला दिली. धामणखेड नदीच्या खालच्या अंगाला, कोसभरावर. तेही भाजीवालेच, त्यांचीही वाडी काठावर. जावई प्रेमदास शांत. विहीण भागीरथाबाई मात्र धुरपताच्या तोडीची. लग्नात दोघींनी एकमेकींना जे टोमणे मारले, ते ऐकायला बँडवाले वाजवायचे थांबले होते.

पन्नी आली ती याच सुमारास. नदीच्या वरच्या अंगाला, पुलगावच्या बाजारात, ही पातळ प्लास्टिकची पिशवी पहिल्यांदा दिसली तेव्हा लोक ती घरी नेऊन धुवत, दोरीवर वाळवत, घडी करून गादीखाली ठेवत. वर्षा-दोन वर्षांत घडी मोडली. गिऱ्हाइकं हात हलवत बाजारात येऊ लागली. "पन्नी नाई का? मंग राहू दे," म्हणत शेजारच्या पालावर जाऊ लागली. मग धुरपतानेही गुलाबी पन्न्यांची चळत तराजूखाली ठेवली. भेंडी मोजायची, पन्नीत टाकायची, गाठ मारायची. धुरपता डावरी. तिची गाठ उलट्या अंगाला पडे आणि सुटता सुटत नसे. गिऱ्हाइकं घरी जाऊन पन्नी दाताने फाडत.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात नदीचा पहिला पूर ओसरला तेव्हा काठच्या बाभळींवर वटवाघळं लटकावीत तशा पन्न्या लटकलेल्या. वाडीचा पंप सुरू होई, घुरघुरे आणि बंद पडे. पुंडलिकरावांनी पाण्यात उतरून पाइपाच्या जाळीत हात घातला आणि मूठभर गिच्च गोळा बाहेर काढला. त्यातली एक पन्नी त्यांनी बायकोपुढे धरली. गुलाबी. गाठ उलट्या अंगाची.

"पाह्य वं," ते म्हणाले, "मूळ धाडलं नाई तरी आली माहेरी."

धुरपता हसली. मग हसू थांबलं. 

दुसऱ्या दिवशी तिने तराजूखालची चळत काढली आणि बांबूची पाटी घेऊन ती काठाने निघाली. महिनाभर पन्न्या वेचल्या. बाभळीवरच्या, गाळातल्या, जाळीतल्या. धुतल्या, वाळवल्या. या वेळी मारबतीला पाला लागला नाही, जुनेर लागलं नाही. काळ्या पन्न्यांच्या चिंध्या चिरून केस झाले. खताच्या पोत्याचं आतलं पांढरं अस्तर ताणून तोंड झालं. गुलाबी, निळ्या, पिवळ्या पन्न्यांचे एकावर एक पदर लावून पुरुषभर उंचीचं लुगडं झालं. वारा आला की ते लुगडं सळसळे, आणि ऊन पडलं की आतून दिवा लावल्यासारखं उजळे. इडापिडेला इतकं सुंदर करू नये, असं तिला एकदा वाटलं. पण हात थांबेनात.

मारबत दारातून बाहेर आली तेव्हा बैल बुजले आणि माणसं मागे सरली. मग नानाजींनी, गावातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने, काठी उंचावून आरोळी दिली, "नदीतली घाण घेऊन जा गे मारबत!" त्या साली जेवढा गलका झाला तेवढा आधी झाला नव्हता. सगळ्यांनी मिळून मारबत उचलली आणि दरसालच्या रीतीप्रमाणे, हसत-नाचत, नदीत सोडून दिली.

कोणाच्याच ध्यानात आलं नाही. धुरपताच्याही नाही. मारबत बुडाली नाही, विरली नाही. पाठीवर पहुडून, तोंड गावाकडे करून, रंगीत लुगडं पसरून ती वळणापलीकडे गेली. तेव्हा कुठे धुरपता नाचायची थांबली.

तिसऱ्या दिवशी प्रेमदास सायकल हाणत आला. ओट्यावर टेकला, पाणी प्याला आणि खाली पाहत म्हणाला, "मामी, तुमची मारबत आमच्या घाटाले लागली. पंपाच्या पाइपाले लुगडं गुंडाळून बसली हाये. कोनी हात लावून नाई राह्यलं. दुसऱ्या गावची इडापिडा, कोन अंगावर घेईन?"

"मंग?"

"मंग आमची माय म्हनते..." तो अडखळला. "म्हनते, ज्या गावानं इडापिडा धाडली, त्या गावात सून बाळंतपनाले धाडणार नाई."

जयवंताला सातवा लागला होता. पहिली खेप. परवा तिला माहेरी आणायचं ठरलं होतं. खाट विणून झाली होती, डिंक आणून ठेवला होता. धुरपता उठली. "मीनं मारबत बांधली तशी सोडवायलेबी मीच येते," म्हणत तिने पदर खोचला. पण गाडी जुंपताना नानाजी आडवे आले.

"सोडव वं. पन एक ध्यानात ठेव. एकदा काढलेली मारबत गावात वापस येत नसते."

धामणखेडच्या घाटावर निम्मं गाव जमलं होतं. जयवंता कडुलिंबाखाली बसली होती, एक हात पोटावर. आईला पाहून तिने हसू दाबलं, कारण सासू शेजारीच उभी होती.

"या इहीणबाई," भागीरथाबाई म्हणाल्या. "सनाले लोकं पुरनपोई धाडतात. तुम्ही भलतंच धाडलं."

"तुम्हाले गोड चालत नाई म्हून," धुरपता म्हणाली आणि सरळ पाण्यात उतरली.

"अन् हे नाक? हे नाक कोनाचं हाये? गाव म्हनून राह्यलं का माह्यं हाये."

धुरपताने कंबरभर पाण्यातून मारबतीकडे पाहिलं, मग विहिणीकडे. "नाई हो. तुमच्या नाकाले एवढ्या पन्न्या पुरल्या नसत्या."

घाट हसला. भागीरथाबाईंचं तोंडही हललं, पण त्यांनी ते वेळीच आवरलं.

लुगडं पाइपाला घट्ट बसलं होतं. प्रेमदास बांबू घेऊन काठाला आला. "मामी, एक ढोस देतो. सुटली का जाईन वाहत. नदी जाते गोदावरीले, गोदावरी जाते समुद्राले. समुद्रात काय, कितीबी मावते."

युक्ती चांगली होती. गावात परत न्यायची नाही, इथे ठेवायची नाही, मग पाणी आहेच. लोक "व्हय व्हय" म्हणू लागले. धुरपताने समुद्र पाहिला नव्हता. नावात समुद्र असलेलं माहेर तेवढं होतं, आणि तिथे कपाशी होती. ती बांबूला हात घालून उभी राहिली.

"जवाईबापू, थांबा," ती म्हणाली. "माह्या गावाच्या खाली माही लेक निघाली. त्या समुद्राच्या काठीबी कोनाची तरी लेक दिली असन ना गा."

 भागीरथाबाई पायऱ्यांवरून दोन पावलं खाली आल्या.

मारबत सोडवायला तास गेला. फाटलं ते पाण्यात जाऊ द्यायचं नाही, म्हणून धुरपताने एकेक पदर सोडवून गाडीत टाकला. पुंडलिकरावांनी बैल वळवले. भागीरथाबाई गाडीमागे पायी निघाल्या. "कुठी नेता ते पाह्यते. मधेच नाल्यात टाकसान तर?"

दोन गावांच्या मधल्या शिवेवर एक कोरडा उंचवटा आहे. पूर आला तरी तिथे पाणी चढत नाही. धुरपताने गाडी तिथे थांबवली.

"ही शीव कोनाची, इहीणबाई?"

"तुमची अर्धी, आमची अर्धी."

"म्हंजे कोनाचीच पुरी नाई. मारबत गावाबाहेर काढा लागते. काढली. इथून ती तुमच्याकडं येत नाई, आमच्याकडं येत नाई, पान्यातबी जात नाई."

भागीरथाबाईंनी उंचवट्याला एक फेरी मारली. शास्त्रात बसतं का, ते बहुधा मनात तपासलं. मारबत उतरवून पुंडलिकराव नानाजींना विचारायला गेले, ते त्यांनाच गाडीत घालून घेऊन आले. नानाजींनी काठीने उंचवट्याची माती टोकरून पाहिली. "शिवेपरेंत नेनं आपलं काम," ते म्हणाले. "नेली. झालं."

मग जमिनीत खुंट ठोकला आणि धुरपता पुन्हा मारबत उभी करू लागली. केस वाहून गेले होते. एक हात तुटला होता. भागीरथाबाई कमरेवर हात ठेवून पाहत राहिल्या, आणि अखेर त्यांना राहवेना.

"अवं, तो हात असा नाई. इकडून बांधा. सरका तुम्ही. डावऱ्या हातानं काय गाठ मारून राह्यल्या!"

"माह्यी गाठ दातानंबी सुटत नाई."

"माह्ये दात पाह्यले नाई तुम्ही अजून."

ऊन उतरेपर्यंत दोघींचं हे चाललं. धामणखेडच्या बाया आपल्या घाटावरच्या पन्न्या काढून पाट्या भरून आणू लागल्या. केस झाले, दुसरा हात झाला, आधी नव्हता तो अंबाडाही झाला. पुढे कित्येक वर्षं दोन्ही गावांची माणसं नदीत सापडलेली पन्नी शिवेवर आणून मारबतीला बांधत. दरसाल ती लठ्ठ होत गेली. धुरपता पुलगावच्या बाजारात भेंडी पळसाच्या पानात बांधून देऊ लागली, तोंड वाकडं करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती म्हणे, "पिशवी आना नाईतर पदर पसरा." काही गेली. जी राहिली, ती भाजीपेक्षा बोलणी ऐकायलाच येत असावीत.

पण त्या संध्याकाळी हे काही कोणाला माहीत नव्हतं. नव्या अंबाड्याला शेवटची गाठ मारून भागीरथाबाईंनी हात झटकले आणि प्रेमदासकडे वळल्या.

"उभा काय राह्यला? जाय, जयवंताले घेऊन ये. गाडी आयतीच आली हाये. सावकाश आनजो, अन् तिचं अंथरून विसरू नको."

धुरपता गाडीकडे वळली.  भागीरथाबाई मागून आल्या.

"काय इहीणबाई," त्या म्हणाल्या, "आता बोला ना."

धुरपताने गाडीतली ओली तणस उचलून फेकली आणि लेकीला बसायला बैलांच्या चाऱ्याची कोरडी तणस पसरायला घेतली.