मरळ जिवंत होती

मे महिन्यातला सोमवार, सकाळची वेळ. केज तालुक्यातल्या एका गावचा साठवण तलाव. तक्रारीतला नुकसानीचा आकडा दीड लाख रुपये. हजर माणसं : मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, मी, माझा हवालदार, दोन पंच आणि काठावर जमलेलं निम्मं गाव. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली, पण ती सकाळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

पाण्यावर रोहू आणि कटला पांढरी पोटं वर करून तरंगत होते. अध्यक्षांनी संशयितही ठरवून ठेवला होता, तलावाशेजारी मेंढरं बसवणारा एक मेंढपाळ. सोसायटीने त्याची पाण्यावर जायची वाट बंद केली होती. त्यावरून भांडण झालं आणि "बघून घेतो" असं तो चारचौघांत म्हणाला होता. त्या सकाळी सोसायटीच्या माणसांनी काठ्या घेऊन त्याचा कळप हुसकला. पळापळीत एक कोकरू दगडांवर पडून मेलं. आम्ही पोहोचलो तेव्हा काठ्या मेंढपाळाकडे वळल्या होत्या.

"साहेब, आत घाला त्याला. गोचिडाचं औषध वतलंय त्यानं," अध्यक्ष म्हणाले.

अशा औषधाने मासे मरतात, त्यामुळे आरोप अगदी हवेतला नव्हता. पाण्याचे नमुने सील करून प्रयोगशाळेकडे पाठवले तर अहवाल यायला काही आठवडे जाणार होते. गाव तेवढं थांबणार नव्हतं. मी मेंढपाळाला जीपमध्ये बसवलं आणि तिथेच विचारपूस सुरू केली.

"औषध टाकलंस का?"

"टाकलं असतं तर मेंढरं कुठं पाणी पिली असती, साहेब? आज दिस उगवायला चोरून तितंच पाजलीत. पाण्यानं एक बी मेलं न्हाई. कोकरू मेलं ते ह्यांच्या काठ्यांनी."

"मग 'बघून घेतो' कशाला म्हणालास?"

"रागात माणूस काय बी म्हणतंय. बायकोला रोज म्हणतो, तिनं अजून मनावर घेतलं न्हाई."

हवालदाराने तोंड फिरवलं. मी पंचनाम्याला उतरलो.

पंचांपैकी एक गावातले किराणा दुकानदार. लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, मासा जन्मात खाल्लेला नाही. उपरण्याने नाक दाबून ते लांबच उभे. "साहेब, सही करतो, पण जवळ येत न्हाई."

न बघता सही करणारा पंच कोर्टात पोलिसाचीच फजिती करतो, असं मी त्यांना सांगितलं. नाइलाजाने ते काठावर वाकले आणि दचकून मागे सरले. "अवं, ह्यो तर जित्ता हाय की!"

चिखलाशेजारी हातभर लांबीची मरळ होती. ती वर आली, हवेचा घोट घेतला आणि खाली गेली. थोड्या अंतरावर दुसरी. गवतात बेडूकही होते. मी पंचनाम्यात तसं लिहून घेतलं आणि मत्स्यव्यवसाय खात्यातल्या अधिकारी बाईंना फोनवर वाचून दाखवलं. दुपारी त्या स्वतः आल्या.

"तसलं औषध असतं तर मरळही वाचली नसती," त्या म्हणाल्या. "मरळ वर येऊन हवेतला श्वास घेते. रोहू-कटल्याला पाण्यातला प्राणवायू लागतो, तो इथे संपलाय." मग त्या अध्यक्षांकडे वळल्या. "पाण्यात काय टाकलंत?"

"काय न्हाई. कोंबडीखत. त्यानं मासा लवकर भरतो."

"किती?"

"आधी एक ट्रॉली. मग रोज सकाळी मासे तोंड वर काढून आ करायलते. आमाला वाटलं, भुकेजलेत. म्हणून आनखी दोन ट्रॉल्या टाकल्या."

मासे गुदमरत होते आणि सोसायटी त्यांना जेवायला वाढत होती. तलाव आटलेला, आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला; कुजणाऱ्या खताने उरलासुरला प्राणवायूही संपवला. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालातही औषधाचा अंश निघाला नाही.

बाईंनी खत बंद करायला लावलं. माशांचं बी मोजकंच सोडायचं आणि पावसाळ्यात उथळ काठाच्या गवतात जाळं लावायचं नाही, असं ठरलं. गावची मूळ मासळी तिथेच अंडी घालते. हिवाळ्यात चाचणीचं जाळं ओढताना त्यांनी मलाही बोलावलं. अध्यक्ष वजनकाटा घेऊन आले होते. बाईंनी तो बाजूला ठेवला. आधी जाती निवडल्या, मग प्रत्येक जातीत पिल्लं आहेत का ते पाहिलं, कल्ले उघडून रंग पाहिला. "वजन रोहू-कटल्याचंच भरेल," त्या म्हणाल्या. "तलाव बरा झाला का, ते ही बारकी मासळी सांगेल." वांब आणि मरळीची पिल्लं दिसली तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

त्यानंतर माझी एक सवय बदलली. ठाण्यात आरडाओरडा करत येणारा माणूस माजलेला आहे की गुदमरलेला, हे विचारल्याशिवाय मी ठरवत नसे. मेंढपाळाचं "बघून घेतो" हेही पाणी बंद झालेल्या माणसाचं बोलणं होतं.

दीड लाखाची भरपाई कुणालाच मिळाली नाही. पैसे दिले गेले ते एकदाच : मेलेल्या कोकराचे तीन हजार रुपये, अध्यक्षांनी, मेंढपाळाला, माझ्यासमोर. त्याने नोटा बंडीच्या खिशात घातल्या आणि जागचा हलला नाही.

"आन् वाट?" त्याने विचारलं.

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्याच संध्याकाळी कळप तलावावर पाणी प्याला.